कडुलिंबाची अंघोळ

"ताई, पानांना न्हाऊ घालताय व्हय?"

शेवंतावहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. एका हातात माझ्यासाठी आणलेला चहा, दुसऱ्या हातात छबूचं मनगट. मी गच्चीवरच्या सावलीच्या पट्ट्यात एनॅमलची पांढरी थाळी मांडीवर घेऊन बसले होते. थाळीत कडुलिंबाची डहाळी होती आणि मी मऊ कुंचल्याने तिचं एकेक पान पाण्याखाली झाडत होते. पानावरून धूळ सुटायची, पाण्यात जराशी घुटमळायची आणि तळाशी जाऊन झोपायची.

"न्हाऊ नाही घालत. त्यांच्या अंगावरची धूळ काढून घेते."

"आन् मग?"

"मग वाळवते आणि तोलते."

"धूळ तोलता?"

"हो, धूळच."

वहिनीने मुलीकडे पाहिलं. सहा वर्षांच्या छबूने माझ्याकडे पाहिलं.

"बग," वहिनी तिला म्हणाली, "लई शिकलं की असं व्हतं. बेतानं शीक."

बिकानेरमधला तो माझा पहिला उन्हाळा. तिथे सकाळ होते तीच फिकट पिवळी. हळदीच्या पाण्यातून पाहावं तशी घरं दिसतात, आणि दुपारपर्यंत तो पिवळेपणा इतका दाट होतो, की माणूस गल्लीच्या टोकाहून येताना आधी त्याची सावली दिसते, मग तो. वाळवंटातल्या शहरात उभं असलेलं एक झाड हवेतली किती धूळ स्वतःवर घेतं, एवढंच शोधायला आमच्या संस्थेने मला तिथे धाडलं होतं. मी दोन बरण्या टांगल्या होत्या. एक गल्लीच्या उघड्या तोंडाशी, दुसरी बाबरांच्या माडीवरच्या खिडकीत, कडुलिंबाच्या पालवीच्या अगदी आत. दर आठवड्याला दोन्हींतली धूळ तोलायची. जी दुसऱ्या बरणीत पडली नाही ती झाडाने अडवली.

बाबर म्हणजे हिंदुराव बाबर, सांगलीकडचे, खानापूर तालुक्यातले गलाईवाले. त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली होती. ही मंडळी देशभर जिथे सोनाराचं दुकान आहे तिथे सापडतात. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणं हा त्यांचा धंदा, आणि त्या धंद्याचा अर्धा भाग म्हणजे धूळ. सोनाराच्या दुकानातली झाडलोट ते विकत घेतात. कारागीर ज्यावर बसला ती जुनी चटई, त्याने हात धुतलेलं पाणी, त्याचा फाटका सदरासुद्धा. सगळं जाळतात, धुतात, वितळवतात आणि त्यातून सोनं काढतात. रस्त्यात कोणी केर काढू लागलं, की हिंदुरावांचे पाय आपोआप मंदावत.

माझा तराजू पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या.

"ह्यो किती बारीक धरतो?"

"केसाचा तुकडा ठेवला तरी कळतो."

"आमच्याकडं असला न्हाई." ते वाकून काचेतून पाहत राहिले. "आन् ह्यावर तुम्ही माती तोलता."

"हो."

"झाडावरची."

"हो, भाऊ."

"आन् तोललेली माती त्या काचेच्या भांड्यात ठिवता. भांडं कपाटात. कपाटाला कुलूप."

"दमट हवा लागली तर वजन बदलतं म्हणून."

हिंदुराव सरळ झाले. "ताई, मी काय येडा दिसतो का?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीने विचार चोख होता. ती गल्ली जडावाच्या कारागिरांची. दिवसभर तिथे सोनं कानशीने घासलं जाई, पत्रे ठोकले जात, उन्हाळ्यात पंखे फिरत. उडालेलं सोनं जातं कुठे? समोर गल्लीतलं एकच एक झाड आणि त्याची पानं गुपचूप धुणारी एक बाई, जिच्याकडे सोनाराच्याहून बारीक काटा आहे! मातीला कुलूप लावणारं माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"खरंच माती आहे हो," मी म्हटलं.

"असू द्या, असू द्या. ज्येचा-त्येचा धंदा. इचारू नये," असं म्हणत त्यांनी चपला घातल्या.

चैत्र संपताना शेवंतावहिनीने मला विचारलं, तेव्हा आम्ही दोघी तिच्या खिडकीत बसलो होतो. ती जागाच झोप आणणारी होती. खिडकीला गज होते, पण त्यातून फांद्या आत आल्या होत्या आणि छबूचं अंथरूण थेट त्या पानांखाली होतं. भिंतीवर हिरवट उजेड हलत असे. बाहेरचा ठोकठोक आवाजसुद्धा पानांतून गाळून आल्यासारखा मऊ येई.

"ताई, तुमच्या कागदानं झाड वाचंल का?"

"का? झाडाला काय होतंय?"

"सेठ तोडणार म्हंत्यात."

मग तिने सगळं सांगितलं. घराचे मालक जेठमलजी कलकत्त्याला असत. आषाढात नातीच्या लग्नासाठी सगळा गोतावळा इथल्या हवेलीत उतरणार होता. हवेलीचा दरवाजा आमच्या घराला लागूनच होता आणि कडुलिंब बरोबर त्याच्या तोंडाशी. मोटार वळत नव्हती.

"आधी आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या वस्तीत ऱ्हायचो," वहिनी म्हणाली. "तिथं ह्या पोरीची छाती वाजायची. पावा फुंकल्यावानी. डाक्टर म्हणला, हिला धुळीतनं न्या. हितं ह्या खिडकीशी आलो आन् पोरगी गप झोपाय लागली. आता झाड गेलं तर हे म्हंत्यात, तू आन् छबू गावाकडं जावा. मी हितंच."

"मग भेट?"

"दिवाळीला. आमच्यातल्या निम्म्या बाया अशाच ऱ्हात्यात की. माझी आईबी ऱ्हायली. बाप पाटण्याला." ती फांदीवरची धूळ बोटाने पुसत होती. "बाप घरला आला की मी आईच्या मागं लपायची. आई म्हणायची, अगं बाप हाय तुझा. मला पावणा वाटायचा. तो बी बिचारा, पाव्हण्यासारखाच बसायचा, ताठ."

छबू झोपेत कुशीवर वळली.

"तुमचा कागद कधी व्हनार?" वहिनीने विचारलं.

"पुढच्या वर्षी छापून येईल."

"तवर झाडाच्या फळ्या व्हतील," ती म्हणाली. रागाने नाही. भाजी महाग झाल्याचं सांगावं तसं.

सेठ आले तेव्हा मी त्यांना भेटले. त्या शहरात गल्लीच्या तिठ्यावर भलेमोठे लाकडी पाट मांडलेले असतात, दहा-बारा माणसं मांडी घालून बसतील एवढे. संध्याकाळी सगळी पुरुषमंडळी त्यावर बसतात. लग्नं तिथे ठरतात आणि भांडणंही तिथेच मिटतात. जेठमलजी पाटाच्या मधोमध बसले होते. सत्तरीचा, गोरा, बारीक माणूस. मी उभ्यानेच बरण्यांबद्दल सांगितलं. खिडकीतल्या बरणीत उघड्या गल्लीपेक्षा निम्मी धूळ पडते, म्हटलं. माझ्यासाठी कोणीतरी थंडाई मागवली.

"बाईसा, बोलता ते खरं असेल," ते अदबीने म्हणाले. "पण मी या पाटावर बसून, चार माणसांत बोललोय की झाड जाईल. इथे बोललेलं कोणी गिळत नाही. भाडेकरूच्या मुलीला खोकला येतो म्हणून जेठमल बदलला, असं माझ्या मागे नातवंडं ऐकतील."

चार माणसांनी माना डोलावल्या. थंडाई फार गोड होती.

त्यानंतर माझ्या बरण्यांनी मला दगा द्यायला सुरुवात केली. वैशाखात दोन्हींतला फरक कमी झाला. ज्येष्ठ लागला तसा फरक जवळजवळ उरलाच नाही. झाड तेच, पालवी पूर्वीपेक्षा दाटच होती, तरी खिडकीतली बरणी गल्लीतल्या बरणीसारखीच भरू लागली. मला माझ्या हाताचा संशय आला. काटा तपासला, बरण्यांची अदलाबदल केली. तरी तेच. आणि एका दुपारी माडीवरून बारीक शीळ ऐकू आली. मी आधी ते पाखरू समजले. ती छबूची छाती होती.

हिंदुरावांनी तिकिटं काढली. वहिनीने एक ट्रंक झाडून उन्हात ठेवली, ती संध्याकाळी आत घ्यायची राहिली, आणि सकाळी तिच्यात बोटभर वाळू होती.

मग आंधी आली. दुपार होती. पश्चिमेकडे एक भिंत उठली, खाली काळी, वर पिवळी. ती धावत नव्हती. झोपेत चालणाऱ्या माणसासारखी सावकाश, न अडखळता येत होती. गल्लीतली दारं एकामागून एक लागली. मी छबूजवळ बसले. वहिनीने ओल्या धोतराचा पडदा खिडकीला लावला होता, तो आत फुगायचा, बाहेर ओढला जायचा, जणू घरच श्वास घेत होतं. प्रकाश आधी केशरी झाला, मग तपकिरी, मग गेलाच. किती वेळ तसे बसलो होतो, सांगता येत नाही. छबू माझ्या मांडीवर डोकं ठेवून शीळ वाजवत होती आणि मी तिच्या केसांत बोटं फिरवत, एरवी कधी मोजत नाही अशा गोष्टी मोजत होते.

वारा पडला तेव्हा जगाला एकच रंग उरला होता. घरं, पाट, गाय, विजेच्या तारा, सगळं मातीचं. कडुलिंब तर कुंभाराने घडवून वाळत ठेवल्यासारखा दिसत होता. एकही पान हलत नव्हतं. मला मात्र आनंद झाला, हेही सांगायला हवं. असा नमुना वर्षातून एकदा मिळतो. सकाळी पहिलं काम ते, असं ठरवून मी पिशव्यांवर नावं घालून ठेवली.

पहाटे मला स्वप्न पडलं की पाणी वाहतंय. डोळे उघडले तरी ते वाहतच होतं.

मी गॅलरीत आले. झाडाखाली गल्लीभर ताडपत्री अंथरली होती, तिच्या कडा उचलून विटांवर ठेवल्या होत्या, आणि एका कोपऱ्यातून गढूळ पाण्याची धार टबात पडत होती. झाडावर, शेंड्याच्या जवळ, लुंगी कंबरेला खोचलेले हिंदुराव होते. खाली चार-पाच कारागीर, दोराने बादल्या वर चढवणारे. बायका तांबे घेऊन ओट्यांवर उभ्या.

"भाऊ!" मी ओरडले. मी ओरडत नाही. "हे काय चाललंय?"

"उठलात का!" वरून आवाज आला. "या, या. तुमचा वाटा ठेवलाय!"

"कसला वाटा?"

"ताई, आता लपवू नका. सगळ्या गल्लीला ठाऊक झालंय. आवं, अशी थाळीत चार-चार पानं धूत बसलात तर जलम जाईल. धंदा घाऊक करावा लागतो!"

"त्यात काही नाही! त्यात माती आहे!"

"माझ्या बापाला बी लोक हेच म्हनायचे," असं म्हणून त्यांनी एक बादली फांदीवर रिकामी केली.

समोरच्या ओट्यावर गवराबाई बसली होती, गल्लीतली सगळ्यात जुनी बाई. ती खुशीत होती. "अरे मराठ्या, नवरदेव न्हाऊ घालतोस ना? मग उटणं कुठाय? पाठ चोळ नीट, कानामागे राहिलं बघ!"

बायका हसल्या. कोणीतरी लग्नातलं हळदीचं गाणं सुरू केलं.

मी जिन्यात येऊन बसले. माझा वर्षाचा नमुना टबात चालला होता. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, कारण समोर जे घडत होतं ते पाहायचं सोडून रडणं शक्य नव्हतं. पाणी त्या गावात जपून वापरतात. टबात गाळ बसला, की वरचं पाणी धोतरातून गाळून तेच पुन्हा वर जात होतं. प्रत्येक फेरीला एकेक फांदी मातीतून बाहेर येत होती. मी इतके महिने त्या झाडाखाली काम केलं, त्याच्या पानाची लांबी-रुंदी मला पाठ होती, आणि त्याचा रंग मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला. ऊन आलं तेव्हा ते सगळं झाड ठिबकत होतं. गल्लीभर कडू, थंड वास पसरला होता. लोक बोलायचे थांबले. हिंदुरावसुद्धा फांदीवर बसून, हातातला तांब्या विसरून, आजूबाजूच्या पानांकडे पाहत राहिले होते.

दुपारी गाळ दुकानात आला. गलाईचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच. गाळ भाजला, परातीत पाण्याने हेलकावून हलकी माती काढून टाकली, तेव्हा तळाशी मूठभर काळी, जड वाळू उरली. ती मुशीत घातली. भट्टीच्या पंख्याजवळ शेवंतावहिनी बसली होती. सवागीची पुडी तिच्या मांडीवर होती. सवागी टाकली की मळ वितळून वेगळा होतो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी हवेलीत पोचली होती. जेठमलजी स्वतः आले आणि लोकांनी त्यांना पुढे जागा करून दिली.

हिंदुरावांनी मूस ओतली. काळी काच निघाली. त्यांनी ती फोडली, बोटाने चिवडली. काही नव्हतं.

"मराठा, निंबोळी तरी निघाली का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"दातण काढ त्याचं, ते विक!"

हिंदुराव हसण्याचा प्रयत्न करत होते. त्यांचं तोंड भट्टीच्या उजेडात मला प्रथमच म्हातारं दिसलं. सोन्याची आशा गेली एवढंच त्यात नव्हतं. उद्या-परवाची गाडी होती.

"सवागी कमी पडली असंल," वहिनी एकदम म्हणाली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढून घेतला होता. "परत लावा की."

त्यांनी काच पुन्हा मुशीत घातली. तिने चिमूट टाकली. पंखा फिरला. निळी-हिरवी ज्योत उठली आणि सगळी चेष्टा आपोआप गप्प झाली. या वेळी मूस ओतली, काच फोडली, तेव्हा तिच्या तळाशी एक रवा चमकला. मोहरीहून मोठा, ज्वारीच्या दाण्याहून लहान.

सगळ्यांनी श्वास घेतल्याचा आवाज फक्त आला.

हिंदुरावांनी चिमट्याने रवा उचलला, कसोटीच्या काळ्या दगडावर घासला. दगडावर रेघ उमटली. एरवी ते रेघ उमटताक्षणी सोन्याचा कस पुकारत. भाजीवाला भाव ओरडतो तसा. त्या दिवशी त्यांनी रेघेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि काही न बोलता दगड सेठसमोर धरला.

जेठमलजींनी चष्मा कपाळावर सरकवला. रेघ उजेडात तिरकी करून पाहिली. मग मान वर केली आणि मला शोधलं.

"बाईसा, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा. हे झाड हवेतली धूळ खरंच धरतं?"

सगळे माझ्याकडे वळले. रव्याबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं.

"धरतं," मी म्हटलं.

"या गल्लीतली?"

"गल्लीतली आणि वाळवंटातलीही. जी त्याच्यापर्यंत येते ती."

"आणि झाड नसलं, तर ती धूळ कुठे जाते?"

"घरात. अंथरुणावर. माणसाच्या छातीत."

ते दाराकडे वळले. तिथून वर आमची खिडकी दिसत होती. ओल्या पानांच्या आड छबू गजांना धरून उभी होती, तोंड उघडं ठेवून, खांदे वर-खाली होत.

सेठने दगड परत दिला आणि मोठ्याने, दुकानाबाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, "कमावत्यावर कुऱ्हाड चालवायला जेठमल काय वेडा आहे? हा नीम तर कमावता निघाला! मोटारी चौकात थांबतील. नवरदेव चार पावलं चालला तर झिजणार नाही."

"वा सेठजी!" पाटावरची मंडळी म्हणाली. "याला म्हणतात व्यापारी."

जाताना ते वहिनीपाशी थांबले. "सूनबाई, रवा तुझ्यापाशी राहू दे. नीट जपून ठेव," एवढंच बोलले.

मी घरी आले तेव्हा वहिनी जिन्यात बसली होती. पदर खांद्यावर पडला होता. तिच्या एका कानात सोन्याचं फूल होतं. दुसऱ्या कानाच्या भोकात कडुलिंबाची काडी.

मी तिच्या शेजारी बसले.

"भोक बुजू नये म्हणून घातली," ती म्हणाली. "ओली हाय, गार लागतीया."

"फूल टाकलंत?"

"सगळं न्हाई. मागची फिरकी. सवागीच्या चिमटीत मावंल एवढीच." तिने फूल पदराच्या गाठीतून काढून दाखवलं. "पुढचं तसंच हाय बगा."

"आणि भाऊंना?"

"दगडावर घासल्यावर त्येंना न्हाई कळणार व्हय? इथल्या जडावाचं सोनं चोख, पिवळंधमक. माझं गावाकडचं, इट्याच्या सोनाराचं, तांबं मिसळल्यालं. रेघ तांबूस आली." ती खाली बघून हसली. "घरात आल्यावर माझा कान बगितला. बोलले न्हाईत काही. चहा केला मला. लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा."

"मग सेठनाही कळलं असणार," मी म्हटलं. हे म्हणेपर्यंत मला ते सुचलं नव्हतं.

"कळलंच की," हिंदुरावांचा आवाज आला. ते दारात उभे होते, अजून अंगाला गाळ लागलेला. "सोन्याच्या गावात जन्मलेला माणूस तो. ताई, सेठला झाड तोडायचंच न्हवतं. पण पाटावर बसून बोलला, आता मागं कसा फिरनार? माणसासाठी शब्द फिरवला तर लोक हसनार. फायद्यासाठी फिरवला तर शहाणा म्हननार. त्येला एक दार पाहिजे व्हतं. हिनं उघडलं."

त्यांनी मनगटावरचा वाळलेला गाळ नखाने खरवडला.

"पण ताई," ते म्हणाले, "थोडं तरी असंलच त्या धुळीत. काल वारा उलटा व्हता. पुढल्या आंधीला बगू."

आणि खरोखरच पुढल्या आंधीला सगळी गल्ली पुन्हा ताडपत्री घेऊन उभी राहिली, आणि त्याच्या पुढल्या. सोनं कधीच निघालं नाही. दर वेळी हिंदुरावांना त्याचं काहीतरी कारण सापडत असे. मी बदली होऊन परत आल्यावरही वहिनीची पत्रं यायची, त्यात अमुक महिन्यात झाड धुतलं, रवा नाही, असं एक वाक्य असेच.

माझ्या बरण्यांचं कोडं त्या धुण्यानेच सुटलं. झाड थकलं नव्हतं. भरलं होतं. आपल्याकडे पाऊस येतो आणि पानं रिकामी करून जातो. तिथे महिनेमहिने थेंब नसतो, पानांवर जागाच उरत नाही, आणि नवी धूळ त्यांना शिवून तशीच पुढे जाते. वाळवंटात झाड लावणं पुरत नाही, त्याला न्हाऊ घालावं लागतं. एवढी साधी गोष्ट मी महिनोन्‌महिने कुंचल्याने पानं धूत असूनही मला दिसली नव्हती. धुतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याला खिडकीतली बरणी मी काट्यावर ठेवली, तेव्हा ती पुन्हा गल्लीतल्या बरणीच्या निम्म्यावर आली होती. मी तीनदा तोलली.

आकडा सांगायला मी माडीवर गेले. टळटळीत दुपार होती, सगळं गाव झोपलेलं. ठोकठोक थांबली होती. खोलीत तो हिरवा उजेड होता, पण आता जास्त खोल, पाण्याच्या तळाशी असावा तसा. हिंदुराव भिंतीला टेकून झोपले होते. त्यांच्या पोटावर पाय टाकून छबू. ट्रंक उघडी होती आणि वहिनी तिच्यातले कपडे एकेक काढून खुंटीला लावत होती.

"वहिनी, बरणीत—"

तिने ओठांवर बोट ठेवलं. मला हाताला धरून मुलीजवळ बसवलं.

"ऐका," ती कुजबुजली.

मी कान दिला. पानं हलत होती. दूर कुठेतरी उंटाची घंटा वाजली आणि थांबली.

"काहीच ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"तेच तर," वहिनी म्हणाली.